निळे फ्लेमिंगो

ऐरोलीतल्या आमच्या पक्षी मोजणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका रविवारी दुपारी फ्लेमिंगोंचा फोटो आला आणि बराच वेळ कुणी काही बोललंच नाही. खाडी ओळखीची, ओहोटीचा चिखल ओळखीचा, खारफुटी नेहमीइतकीच हिरवी. पक्षी मात्र निळे. जांभळट निळे, आणि वरचं आभाळ विटकरी. शेवटी आमच्या सोसायटीतल्या निवृत्त काकांनी विचारलं, "ही जात कधीपासून यायला लागली आपल्याकडे?"

ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंबद्दल ही मंडळी हळवी आहेत. २०१५ साली खाडीचा हा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला, आणि दोन्ही वेळा या ग्रुपवर पेढे वाटल्याच्या थाटात मेसेज फिरले होते. त्यामुळे निळ्या फोटोची चेष्टा कमी आणि चौकशी जास्त झाली. फोटो टाकणारा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याने पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला होता: फोटोतले पक्षी ओळखायचे, प्रत्येकाभोवती चौकट काढायची, मोजायचे, आणि चौकटींसकट फोटो सेव्ह करायचा. ओळखणं छान जमलं होतं. मोजणीही काकांच्या दुर्बिणीतल्या अंदाजाच्या आसपास होती. बिघडलं ते अगदी शेवटच्या ओळीत, सेव्ह करताना.

संगणकाच्या लेखी रंगीत फोटो म्हणजे आकड्यांचे तीन थर: लाल, हिरवा, निळा. फोटो उघडायला आणि सेव्ह करायला पायथनमध्ये तयार लायब्ररी, म्हणजे आयते कोड, मिळतात. त्यांतली पिलो नावाची लायब्ररी हे थर याच क्रमाने ठेवते. ओपनसीव्ही ही दुसरी लायब्ररी ते उलट्या क्रमाने ठेवते: निळा, हिरवा, लाल. १९९९ साली इंटेलमध्ये ओपनसीव्हीचं काम सुरू झालं तेव्हा कॅमेरे बनवणाऱ्यांमध्ये आणि विंडोजच्या जगात हाच क्रम रुळलेला होता. बीएमपी फाइलमध्येही रंग असेच लिहिलेले असतात. पुढे जग बदललं, पण तोवर या क्रमाच्या भरवशावर इतकं काही उभं राहिलं होतं की बदलण्याची सोय उरली नाही. मुलाने मॉडेलसाठी, म्हणजे पक्षी ओळखायला शिकवलेल्या भागासाठी, क्रम सरळ करून घेतला होता, सेव्ह करण्याआधी तो परत उलटायचा राहिला. गुलाबीतला लाल निळ्याच्या जागी जाऊन बसला. हिरवा मधला, म्हणून खारफुटी सुखरूप. आणि फोटोतले बगळे तर पांढरेच्या पांढरे, कारण पांढऱ्यात तिन्ही आकडे सारखे; कोण कुठे बसलं याने काही बिघडत नाही.

मला धास्ती वाटली ती त्या बगळ्यांची. फ्लेमिंगो निळे झाले म्हणून चूक सगळ्यांना दिसली. ठाणे स्टेशनबाहेरच्या रिक्षांचा फोटो असता तरी दिसली असती, पिवळे टप एकदम आकाशी झाले असते. पण समोर नुसते बगळेच असते तर? माझं रोजचं काम असल्या बगळ्यांशीच आहे. महापे एमआयडीसीत आमची छोटी कंपनी कारखान्यांच्या पॅकिंग लाइनवर कॅमेरे बसवते. औषधाच्या गोळ्यांच्या स्ट्रिप कॅमेऱ्याखालून सरकत जातात. गोळी आहे का, तुटली आहे का, फॉइल नीट चिकटलं आहे का, बॅच नंबर वाचता येतो का, एवढं बघायचं आणि खराब स्ट्रिप बाजूला ढकलायची. करडं फॉइल, पांढरी गोळी. रंगांचे थर उलटेपालटे झाले तरी इथे डोळ्याला काही कळणार नाही. मॉडेलही त्या उलट्या रंगांवर शिकून मोकळं होईल, महिनोन्‌महिने बरोबर उत्तरं देईल, आणि एक दिवस लाइनवर गुलाबी गोळी आली की सगळे विचारतील, कालपर्यंत तर चालत होतं!

आमच्या या धंद्यात मॉडेलबद्दल लोक तासन्‌तास बोलतात. किती थर, कसलं नेटवर्क, अचूकता किती. फाइल सेव्ह करण्याबद्दल कुणी बोलत नाही. ती एक ओळ असते, कुठून तरी उचललेली. माझं मत आता पक्कं झालंय की पुढच्या माणसाला काय दिसणार हे त्या ओळीत ठरतं. कॅमेऱ्याने काय पाहिलं ते क्षणात पुसलं जातं. उरते ती फाइल. पुढचं शिकणं, भांडणं, ऑडिट, सगळं त्या फाइलवर. आणि ती ओळ लिहिताना काय फेकून दिलं, हे ओळ कधीच सांगत नाही.

सांगत नाही हे अगदी शब्दशः घ्या. ओपनसीव्हीतलं इमराइट हे फंक्शन फोटो लिहायला गेलं आणि तिथे तसं फोल्डरच नसेल, तर ते आरडाओरडा करत नाही. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. ते नुसतं 'फॉल्स' असं उत्तर देतं, आणि ते उत्तर ऐकायला बहुतेक प्रोग्रॅममध्ये कुणी थांबलेलंच नसतं. एक्स्टेन्शन विसरलात तर मात्र ते अडून बसतं, कारण जेपीईजी की पीएनजी हे ते नावाच्या शेपटीवरूनच ओळखतं. पिलो याबाबतीत भांडखोर आहे. फोल्डर नाही म्हटल्यावर तिथल्या तिथे काम थांबवतं. मला भांडखोर बरं वाटतं. आमच्याकडे शिकायला आलेली मुलगी एकदा संध्याकाळी म्हणाली, "मॅम, दिवसभर 'सेव्हड' असं प्रिंट होतंय, पण फोल्डरच सापडत नाहीये." प्रिंटची ओळ तिने इमराइटच्या खाली लिहिली होती, त्यामुळे सेव्ह होवो न होवो, ती छापली जाणारच होती. तेव्हापासून आमच्या ऑफिसात नियम आहे: उत्तर तपासायचं, फॉल्स आलं तर आपण स्वतः ओरडायचं.

'ट्रू' आलं तरी हुरळून जाऊ नये. फाइल लिहिली म्हणजे ती डिस्कवर उतरली असं नाही. ऑपरेटिंग सिस्टिम ती काही वेळ मेमरीत धरून ठेवते, आणि नेमकी तेव्हा लाइट गेली की नाव शिल्लक राहतं, आत शून्य बाइट. याला जुना उपाय आहे. आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं, ते खरोखर डिस्कवर गेल्याची खात्री करायची, मग एका फटक्यात खरं नाव द्यायचं. म्हणजे खऱ्या नावाची फाइल दिसली की ती पूर्ण आहे यावर विश्वास ठेवता येतो.

गप्प राहून केलेल्या घोटाळ्यांमध्ये मला सर्वांत कलाकार वाटतो तो काळा फोटो. मॉडेलच्या आतले आकडे बहुधा शून्य ते एक या दरम्यानचे दशांश असतात. फोटोची साधी फाइल शून्य ते २५५ अशा पूर्णांकांची. दशांश तसेच इमराइटला दिले तर त्यांचे जवळचे पूर्णांक होतात, म्हणजे कुठे शून्य, कुठे एक. २५५ पैकी एक. फाइल उघडली की समोर काळाकुट्ट चौकोन. त्यात चित्राचा ठसा असतोही, पण छटा सगळ्या गेलेल्या, आणि आता २५५ ने गुणून त्या परत येणार नाहीत. याच्या उलट टोकाचा घोटाळा नम्पाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत होतो. आठ बिटच्या खणात २५० अधिक १० केले की उत्तर येतं ४, कारण २५५ नंतर मीटर पुन्हा शून्यावर येतो. स्ट्रिपचा फोटो उजळ करायला जावं आणि फॉइलवर जिथे दिवा चमकत होता तिथे काळे डाग उगवावेत, ते असे. ओपनसीव्हीची बेरीज २५५ वर थांबते. दोन्ही लायब्ररी आपापल्या जागी बरोबर, आणि त्यांच्या मधोमध आपण.

आता जेपीईजीबद्दल, कारण खरी गोष्ट तिथे आहे. जेपीईजी काय फेकायचं हे माणसाच्या डोळ्याकडे बघून ठरवतं. आपल्याला उजेडातला बारीक फरक पटकन कळतो, रंगातला तितका नाही. म्हणून आधी उजेड आणि रंग वेगळे काढले जातात आणि रंगाचा थर सहसा आडवा-उभा निम्मा केला जातो. शेजारच्या चार पिक्सेलना मिळून एकच रंग. मग चित्राचे आठ बाय आठचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातल्या ६४ आकड्यांऐवजी दुसरे ६४ आकडे लिहायचे. ते सांगतात की या चौकोनात ठळक चढउतार किती आणि बारीक तरंग किती. बारीक तरंगांना मोठ्या आकड्याने भागून पूर्णांक करायचे, की त्यातले बरेचसे शून्य होतात. फाइल लहान होते ती या शून्यांमुळे.

या ६४ आकड्यांच्या युक्तीला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात, आणि ती ज्यांना सुचली ते नासिर अहमद मूळचे बंगळूरचे. १९७२ साली त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे या कामासाठी निधी मागितला. मिळाला नाही. कल्पना फारच साधी आहे, असं एका परीक्षकाचं मत पडल्याची आठवण त्यांनीच पुढे लिहून ठेवली. त्यांनी काम सोडलं नाही, आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध छापून आला. १९९२ मध्ये जेपीईजीचं मानक ठरलं ते याच पायावर. आज आपल्या फोनमधली लग्नं, बारशी, गणपतीच्या मखराचे फोटो, सगळं त्या फारच साध्या कल्पनेतून गेलेलं असतं. परीक्षक होण्याची वेळ माझ्यावर आली की मी हे आठवते.

तर डोळ्याला फसवण्यात काही वाईट नाही. अडचण अशी की आमच्या लाइनवर बघणारा डोळा माणसाचा नाही. औषधांच्या स्ट्रिपवर डाव्या बाजूला उभी लाल रेघ तुम्ही पाहिली असेल. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशा औषधांवर ती असते, आणि २०१६ मध्ये सरकारने अँटिबायोटिक्सच्या मनमानी वापराविरुद्ध त्या रेघेची जाहिरातही केली होती. चंदेरी फॉइलवर अशी बारीक लाल रेघ हे जेपीईजीच्या दृष्टीने अगदी नको ते गिऱ्हाईक. रेघ बारीक, आणि तिची ओळख रंगात. रंगाचा थर निम्मा केला की रेघेच्या कडा शेजारच्या फॉइलमध्ये झिरपतात. माणूस म्हणेल, रेघ आहे. मशीनला विचारलंत की रेघ नेमकी किती पिक्सेल रुंद आहे, तर ते कॅमेऱ्यासमोर एक उत्तर देईल आणि सेव्ह केलेल्या फाइलवर दुसरं. मग ऑडिटला आलेला माणूस फाइल उघडून म्हणतो, तुमच्या मशीनने हे पास कसं केलं? मशीनने पास करताना पाहिलेलं चित्र वेगळं होतं, एवढंच त्याचं खरं उत्तर.

सेव्ह करताना क्वालिटी म्हणून जो आकडा देतात त्याबद्दल मोठा गैरसमज आहे. ९५ म्हणजे ९५ टक्के चित्र शिल्लक राहिलं असं अजिबात नाही. भागाकाराचं कोष्टक किती कडक लावायचं, त्याची ती खूण. ओपनसीव्ही आपणहून ९५ घेतं, पिलो ७५, त्यामुळे एकच फोटो दोन लायब्ररींनी सेव्ह केला तर फाइलींच्या आकारात मोठा फरक पडतो आणि लोक उगाच कॅमेऱ्यावर संशय घेतात. पीएनजीतही शून्य ते नऊ असा आकडा देता येतो, पण तो वेगळ्या जातीचा. नऊ दिलं की वेळ जास्त आणि जागा कमी लागते. चित्र तेच राहतं, एकाही पिक्सेलला धक्का नाही. १९९६ पासून पीएनजी हे इमान राखून आहे. जीआयएफच्या पेटंटवरून झालेल्या भांडणातून जन्मलेल्या फॉरमॅटकडून एवढी सचोटी मिळावी, याचं मला अजून कौतुक वाटतं.

सचोटीची जिथे खरंच गरज आहे ती जागा म्हणजे मास्क. फोटोवर मशीनसाठी रंगवलेला नकाशा: शून्य म्हणजे पार्श्वभूमी, दोन म्हणजे गोळी, पाच म्हणजे तडा. दिसायला तो फोटोच, म्हणून सवयीने जेपीजी म्हणून सेव्ह केला जातो. मग गोळी आणि तड्याच्या सीमेवर तीन आणि चार असे कुणी न ठरवलेले वर्ग उगवतात. मॉडेल बिचारं तेही शिकतं. याहून जास्त लिहिण्यासारखं यात काही नाही. मास्क पीएनजीतच ठेवा.

माझ्या मामाचा नौपाड्यात फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, बारसं, मुंज, आणि लग्नासाठी दाखवायचे मुलींचे फोटो. ग्राहकाला हातात मिळायची ती प्रिंट. निगेटिव्ह मामाकडे राहायची, पातळ कागदाच्या पाकिटात, पाकिटावर नंबर, आणि तोच नंबर प्रिंटच्या पाठीमागे आणि जाड वहीत. प्रिंट फिकी पडो, फाटो, निगेटिव्ह आहे तोवर फोटो आहे, असा त्याचा हिशेब. कॉलेजात असताना मला तो पसारा वाटायचा. आता स्ट्रिपचे फोटो कच्चे ठेवायचे की दाबून, यावर मीटिंगमध्ये वाद सुरू झाला की मी न चुकता मामाच्या बाजूने बोलते. एक प्रत अशी हवी की जिच्यातून काहीही फेकलेलं नाही. बाकी प्रती हव्या तशा काढा.

मामाच्या वहीची आठवण फाइलींच्या नावांवरूनही होते. फाइलींना १, २, ३ अशी नावं दिली की प्रोग्रॅम सहसा १ नंतर १० लावतो आणि मग २. पुढे शून्यं लावून नंबर लिहायचा हे मामाच्या वहीला माहीत होतं. वेळेवरून नाव द्यायचं तर विंडोजला नावात विसर्गासारखी दोन टिंबं चालत नाहीत. आणि घड्याळ कुठलं, हेही ठरवावं लागतं. सर्व्हर जागतिक वेळेवर असेल तर आपल्याकडे पहाटे तीनला काढलेला फोटो आदल्या तारखेच्या रात्री साडेनऊचा होतो. रात्रपाळीची निम्मी रात्र अशी आदल्या दिवसाच्या खात्यावर जाते.

नावांची एक भानगड मात्र मामाच्या वाट्याला कधी आली नव्हती. लाइनवरचे एक ऑपरेटर दादा, बारावी झालेले, स्वभावाने शिस्तीचे. नवीन लाइनचे फोटो वेगळे काढायला त्यांनी स्वतः फोल्डर केले: 'तुटकी', 'रिकामी', 'वाकडी', आणि चौथं 'शंका'. विंडोजवर ओपनसीव्ही देवनागरी नावं नीट पोचवत नाही. वाचायला गेलं तर हात हलवत परत येतं, लिहायला गेलं तर भलत्याच चिन्हांच्या नावाची फाइल तयार करतं, नाहीतर फॉल्स म्हणून गप्प बसतं. ऑफिसातल्या एकाने लगेच सुचवलं, दादांना सांगा इंग्रजीत नावं द्यायला. मला ते पटलं नाही. फोटोचे बाइट आधी मेमरीतच तयार करून घ्यायचे, त्याला इमएन्कोड आहे, आणि मग पायथनच्या साध्या फाइल लिहिण्याच्या पद्धतीने हव्या त्या नावाने उतरवायचे. दोन ओळी जास्त. पायथनला देवनागरीचं काही वावडं नाही. दोन ओळी वाचवण्यासाठी माणसाला त्याच्या फोल्डरचं नाव बदलायला लावायचं, हा कुठला न्याय?

शिवाय ते 'शंका' फोल्डर. मी गेली काही वर्षं जे लोकांना समजावून सांगत होते ते दादांनी न सांगता करून ठेवलं होतं. कुठले फोटो ठेवायचे हा प्रश्न कसे ठेवायचे यापेक्षा मोठा आहे, कारण सगळे ठेवता येत नाहीत. हिशेब करून बघा. पाच मेगापिक्सेलचा रंगीत फोटो, २४४८ बाय २०४८, प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट: दीड कोटी बाइट, म्हणजे पंधरा एमबी. सेकंदाला पाच फोटो धरले तर तासाला २७० जीबी, आठ तासांच्या पाळीत दोन टीबीच्या वर. पीएनजीने यातलं काही वाचतं, पण पर्चेसवाल्याचा चेहरा बदलण्याइतकं नाही. म्हणून जवळपास प्रत्येक कारखान्यात शेवटी एकच तोडगा निघतो: फक्त खराब स्ट्रिपचे फोटो सेव्ह करा, चांगले सोडून द्या.

ऐकायला शहाणपणाचं वाटतं. वर्षाने जेव्हा मॉडेल नव्याने शिकवायची वेळ येते तेव्हा कळतं की आपल्याकडे तुटक्या गोळ्यांचं भांडार आहे आणि धड गोळी कशी दिसते याची नोंदच नाही. मग घाईने एका दुपारी चांगल्या स्ट्रिपचे फोटो काढले जातात, वेगळ्या उजेडात, वेगळ्या सेटिंगवर, कधी जुने जेपीईजी आणि नवे पीएनजी. मॉडेलला तडे शोधण्याची गरजच उरत नाही. आठ बाय आठच्या चौकोनांचे पुसट ठसे दिसले की 'खराब', नाही दिसले की 'चांगली', एवढं शिकून ते शंभरातले नव्याण्णव मार्क घेतं आणि लाइनवर बसवलं की तोंडावर पडतं. चांगल्यातलेही काही फोटो, हजारात एक का होईना, सोडत काढल्यासारखे उचलून ठेवावेच लागतात. आणि ज्यांच्याबद्दल मशीनचं मत जेमतेम एका बाजूला झुकलं होतं, ते सगळेच्या सगळे. दादांचं 'शंका'.

पक्ष्यांच्या ग्रुपकडे हाच प्रश्न उलटा येतो. त्यांना प्रत्येक फोटो ठेवायचा असतो आणि जागाही असते, पण कॅमेऱ्याने फोटोसोबत लिहिलेली तारीख, वेळ, जागा साध्या इमराइटमधून गेल्यावर गळून पडते. फ्लेमिंगो राहतो, तो खाडीच्या कुठल्या किनाऱ्यावर नि कुठल्या महिन्यात होता ते मात्र जातं. नोंद ठेवणाऱ्याला तो फोटो मग शोभेचा. घराच्या गॅलरीतून काढलेला फोटो जगाला दाखवणाऱ्याला मात्र हेच गळणं सोयीचं. त्या मुलाला मी एवढंच सांगितलं की मूळ फाइलला हात लावू नकोस, चौकटीवाला फोटो वेगळ्या नावाने ठेव. काकांनी लगेच विचारलं, मग निळे डिलीट करायचे का? ग्रुपवर मतदान झालं. ठेवले.

लाइनवरचे फोटो कोणाचे, हा प्रश्न बराच काळ कुणी विचारला नव्हता. स्ट्रिपचेच ना. पण स्ट्रिप अडकली की ती सोडवायला हात येतो, आणि कॅमेरा हातासकट फोटो काढतो. शिवाय अडकलेली स्ट्रिप मशीनच्या मते नेहमी खराब, म्हणजे हाताचा फोटो हमखास सेव्ह. पॅकिंगवरच्या एक मावशी मॉनिटरकडे बघून मला म्हणाल्या, "मॅडम, माझा हात कुठं कुठं जातो हो?"

मी सांगितलं की हातमोज्यातल्या हातावरून कोण ते कळत नाही. त्या हसल्या. फाइलच्या नावाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यात लाइनीचा नंबर आहे, पाळीचं अक्षर आहे. बी पाळीत त्या लाइनीवर मीच असते."

बरोबर होतं त्यांचं. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला तेव्हा आम्ही ऑफिसात त्यावर सेशन घेतलं होतं. चेहरे, फोन नंबर, नावं, सगळ्याची चर्चा झाली. फाइलच्या नावातल्या एका अक्षराची कुणाला आठवण नव्हती. आणि मला मामाचा स्टुडिओ आठवला. मुलीचा फोटो आम्हालाही एक काढून द्या म्हणून अधूनमधून कुणीतरी यायचं, नंबरही सांगायचं. वहीत नोंद असायची, निगेटिव्ह हाताशी असायची. मामा म्हणायचा, ज्याचा फोटो त्यालाच कॉपी. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आमच्याकडे मामाची ही बाजू मीटिंगमध्ये मांडायला जरा वेळ लागला, कारण सुपरवायझरला पाळीनुसार खराब स्ट्रिपची यादी हवीच होती, आणि नावात अक्षर असलं की ती फुकट मिळत होती. शेवटी असं ठरलं: सेव्ह करण्याआधी स्ट्रिपच्या चौकटीबाहेरचं सगळं कापून टाकायचं, अडकण्याचे फोटो तीस दिवसांनी आपोआप पुसायचे, आणि नावातून पाळीचं अक्षर काढायचं. मावशींना मी तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि वेळ?" वेळ काढता येत नाही, बॅचशी जुळवायला ती लागतेच. वेळेवरून पाळी ओळखायला सुपरवायझरला एक घड्याळ पुरेसं आहे, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पण यादी आता त्याला स्वतः बसून करावी लागते, आणि अजून तरी त्याने ती केलेली नाही.